शेवटचं माणूस येईपर्यंत

कर्नलकाकांकडे जेवायला गेलात की आधी दिसायची ती पालथी ताटं. जितकी माणसं यायची असतील तितकी ताटं टेबलावर उपडी मांडलेली आणि मधोमध झाकून ठेवलेली भांडी. शेवटचं माणूस येऊन खुर्चीत टेकलं की काका स्वतःचं ताट सुलटं करायचे, मग बाकीच्यांनी करायचं. तोवर कुणी शेंगदाणासुद्धा तोंडात टाकायचा नाही. आमच्या बार्शीत ताट पालथं ठेवलं तर आई अंगावर धावून यायची, म्हणून पहिल्या दिवशी मी माझं ताट हळूच सरळ केलं. काकांनी ते पुन्हा पालथं केलं आणि अजून एकजण यायचाय, एवढंच सांगितलं. तो एकजण चांगलाच उशिरा आला, आणि तोवर कढण दोनदा गरम करून झालं होतं.

मी तेव्हा मोहालीतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत थायलंडच्या सहलींचं काम बघायचे. मोहालीतली भाडी परवडेनात म्हणून चंडीगडच्या कडेला मनीमाजऱ्यात खोली शोधत होते, तेव्हा कुणीतरी या घराचा पत्ता दिला. खाली काका, वर मी. काका मूळचे कोल्हापूरकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, शेवटची पोस्टिंग जवळच्याच चंडीमंदिर छावणीत होती आणि मग इथेच राहिले. बायको वारलेली. मुलाचा फोटो हॉलमध्ये होता, त्याला हार होता, त्यामुळे मी काही विचारलं नाही. मी काय काम करते ते कळल्यावर त्यांनी हातातली पाण्याची नळी खाली टाकली. पाणी तसंच वाहत राहिलं.

"तुझी माणसं जायच्या आधी एक संध्याकाळ माझ्याकडे पाठव," ते म्हणाले. "फी नाही. जेवण माझं."

आमच्या बॉसला फुकटची गोष्ट नको कशाला असेल? तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी त्या घरात क्लास भरू लागला. हनिमूनची जोडपी यायची, लुधियान्याचे चार मित्र यायचे, ज्यांना फक्त पट्टायाशी मतलब असायचा, आणि आजी-नातवंडांसकट अख्खी खानदानं यायची. आल्या आल्या सगळ्यांना फाटकातच बूट काढायला लावायचे. थंडीत लोक कुरकुरायचे. काका म्हणायचे, तिथे घरातच काय, कधीकधी दुकानातही बूट काढून जातात, आत्तापासून सवय करा.

मग एकेक धडा. पायाचा तळवा कुणाकडे, आणि मूर्तीकडे तर मुळीच, करायचा नाही. पोर कितीही गोड असलं तरी डोक्यावरून हात फिरवायचा नाही, तिथे डोकं पवित्र. देवळात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. भिक्षूला बाईने काही द्यायचं असेल तर हातात नाही द्यायचं. दोन हात जोडून नमस्कार तिथेही आहे, पण आधी कुणी करायचा? याला काकांचं उत्तर पक्कं फौजी होतं: सॅल्यूटसारखं, लहान आधी करतो, मोठा परत करतो. एकदा एक सरदारजी विमानतळापासून हॉटेलपर्यंत दिसेल त्या पोऱ्याला वाकून नमस्कार करत सुटले आणि आल्यावर कौतुकाने सांगायला आले. काकांनी कपाळाला हात लावला.

सगळ्यात अवघड धडा आवाजाचा. तिथे चिडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, मन थंड ठेवायचं. हे पंजाबी लोकांना समजावून सांगताना काकांचाच आवाज इतका चढायचा की शेजारच्या आंटीजी भिंतीवरून डोकावायच्या.

आंटीजींबद्दल सांगायलाच हवं. काकांनी अंगणात तिकडची तुळस लावली होती, जांभळ्या दांड्याची, बडीशेपेसारख्या वासाची, भाजीत घालायची. आंटीजी रोज सकाळी भिंतीवरून हात घालून तिला पाणी घालायच्या आणि नमस्कार करायच्या. ही पूजेची नव्हे, खाण्याची, असं काकांनी सांगून पाहिलं. आंटीजी म्हणाल्या, तुम्ही खा, मी हात जोडते, दोघांचंही भलं होईल. पुढे त्या क्लासलाही येऊ लागल्या. थायलंडला जायचा त्यांचा काही इरादा नव्हता, त्यांना कच्च्या पपईची कोशिंबीर आवडायची.

ती कोशिंबीर काकांची खासियत होती. अंगणातलीच हिरवी पपई किसायची, खलबत्त्यात लसूण आणि मिरच्या चेचायच्या, गूळ, लिंबू, भाजलेले दाणे, वरून टोमॅटो, आणि हलक्या हाताने कुटायचं. कुटताना चमच्याने खालचं वर करत राहायचं. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी माशाच्या पाण्याची बाटली वेगळी ठेवलेली असायची, ती उघडली की गल्लीला कळायचं. "ही आपलीच कोशिंबीर," काका म्हणायचे, "घरातून पळून गेली आणि जरा धीट झाली." शाकाहारी आज्यांना ते पिवळ्या कागदावर एक तांबडं अक्षर काढून दाखवायचे. ही खूण असलेल्या गाडीवर निर्धास्त जेवा, कांदा-लसूणसुद्धा नसेल. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, काट्याने भात चमच्यात लोटायचा, काटा तोंडात घालायचा नाही. सगळी भांडी मध्ये, एका वेळी एकाच भाजीचा एक चमचा घ्यायचा, ताटात डोंगर रचायचा नाही. लग्नातल्या बुफेवर वाढलेल्या माणसांना हे फार जड जायचं.

मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. हा माणूस इतर बाबतीत घड्याळाचा गुलाम होता. पहाटे सुखना तलावाला फेरी, ठरल्या वेळी चहा, संध्याकाळी सहाला जिथे असेल तिथे दोन मिनिटं ताठ उभा, कारण थायलंडमध्ये सहाला राष्ट्रगीत लागतं आणि रस्त्यावरची माणसं थांबतात. पण कुणी उशिरा आलं तर त्यांच्या कपाळावर आठी नाही. मोहालीहून येताना मी ट्रॅफिकमध्ये अडकले तरी माझं ताट पालथं आणि त्यांचंही पालथं. काका, तुम्ही जेवून घ्या, असं फोनवर सांगून सांगून मी थकले. बरं, फौजी माणूस वेळेचा पक्का असतो, तुम्हाला फौजेने काय शिकवलं, अशी मी चेष्टा करायची. ते नुसते हसायचे.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते स्वतः कधी थायलंडला गेलेले नव्हते. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पासपोर्ट होता, मुदत संपली की नवा करून आणायचे. मी तिकिटाचं विचारलं की कधी पपई पिकायला आली म्हणायचे, कधी गुडघा. सहलीच्या माणसांना मात्र चियांग माईतल्या एका खाणावळीचा पत्ता आवर्जून द्यायचे. तिथल्या बाईंना आमची कंपनीही गटाच्या जेवणाची ऑर्डर द्यायची, म्हणून माझं त्यांच्याशी फोनवर बोलणं व्हायचं. त्या दर वेळी आधी विचारायच्या, कर्नल जेवले का? मला वाटायचं, काय गोड ओळख ठेवतात लोक.

त्रिपुरी पौर्णिमेला तिकडे पाण्यात दिवे सोडतात. काकांनी एक वर्षी केळीच्या सोपाचा द्रोण केला, फुलं, उदबत्ती, मेणबत्ती सगळं त्यात नीट खोचलं आणि मला घेऊन सुखनाला गेले. पाण्यात सोडणार तेवढ्यात शिट्टी वाजवत पहारेकरी आला. तलावात काही टाकायला मनाई होती आणि त्याचं बरोबरच होतं. फौजी ओळख सांगितली असती तर त्याने काणाडोळा केला असता, पण काकांनी सांगितली नाही. द्रोण दोन्ही हातांत धरून गाडीपर्यंत आले. घरी बादलीत पाणी भरून त्यात तो सोडला आणि वात विझेपर्यंत शेजारी पाटावर बसून राहिले. मला तेव्हा हसू येत होतं.

त्यानंतरच्याच एका शनिवारी एक कुटुंब यायचं होतं. त्यांचा बेत रद्द झाला आणि तसा त्यांनी फोनही केला. मी काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तरी ताटं पालथीच ठेवली. बराच वेळ गेला. मला भूक लागली होती, दिवसभर ऑफिसात डोकं पिकलं होतं, मी वैतागले. ते लोक येणार नाहीत, कळवलंय त्यांनी, आता कुणासाठी थांबायचं, असं जरा तोडूनच बोलले. फौजेत असं चालायचं का, तेही विचारलं.

"फौजेत मी कधीच कुणासाठी थांबलो नाही गं," काका म्हणाले. "तेच तर झालं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा चियांग माईत राहायचा. वर्दी घालावी असा काकांचा हट्ट होता, पोरगं आचारी झालं, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि दोघांनी खाणावळ काढली, जिथल्या बाईंशी मी फोनवर बोलायचे तीच. काका लग्नाला गेले नाहीत. काकू दर रविवारी फोनवर बोलायच्या, काका पेपर वाचत शेजारी बसायचे, फोन हातात घ्यायचे नाहीत. एक दिवस घाटात मुलाची स्कूटर घसरली. सकाळी सुनेचा फोन आला, तो मात्र काकांनी घेतला. तिचं इंग्रजी मोडकं, त्यात रडणं. आम्ही तुमच्यासाठी थांबतो, असं ती म्हणाली. काका म्हणाले, आमच्यासाठी थांबू नका, उरकून घ्या.

"आपल्यात काय असतं? मयत झालं की दिवस मावळायच्या आत. त्याला ताटकळत ठेवायचं म्हणजे त्याचेच हाल. मला वाटलं, परक्या देशातली पोर आहे, मी तिचं ओझं हलकं करतोय." काकांनी पालथ्या ताटावर हात ठेवला होता. "ही, तुझी काकू, बॅग काढून बसली होती. मी तिला म्हणालो, आपण पोचेस्तोवर राख राहिलेली असणार, राख बघायला कशाला जायचं? तिने बॅग ठेवून दिली."

दोन वर्षांनी काकू गेल्या. सगळं आटोपल्यावर संध्याकाळी काकांनी सुनेला कळवायला फोन केला. तिने विचारलं, अंत्यविधी कधी आहे, मी निघते. काका म्हणाले, दुपारीच झाला. मग तिने विचारलं, कुणासाठीच थांबला नाहीत? त्यात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. काकांनी आपली रीत सांगितली आणि सहज विचारलं, की तुमच्याकडे किती थांबतात.

तिने सांगितलं. सात दिवस. विहाराच्या मंडपात त्याला फुलांत ठेवला होता. रोज संध्याकाळी भिक्षू यायचे, पाठ म्हणायचे, मग आलेल्या सगळ्यांना भात वाढायचे. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या आईवडिलांसाठी रिकाम्या होत्या. थांबू नका, असा निरोप आल्यावर तिला वाटलं, वडिलांचा राग अजून गेलेला नाही. तरी तिने त्या खुर्च्यांवर कुणाला बसू दिलं नाही. म्हटलं, एखादेवेळी दोन दिवसांत राग उतरेल.

"मी इथे सुतक धरून बसलो होतो आणि पोरगं तिथे आमची वाट बघत पडलं होतं," काका म्हणाले. "विमानाने एका दिवसाचा रस्ता, पोरी. हिला त्याचं तोंड बघता आलं असतं." मग म्हणाले, "हिला हे कळायच्या आत ती गेली. बरं झालं म्हणतो. पण कळलं असतं तर मला चांगली बोलली असती. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं मला."

सून कधीच काही बोलली नाही. उलट दर रविवारी तिचा फोन येऊ लागला. तिकडे माणूस भेटलं की आधी जेवलात का विचारतात, तसं ती विचारायची, आणि मग तासभर काका तिला एकेक गोष्ट विचारत बसायचे. कोशिंबीर, काटा-चमचा, डोक्यावरचा हात, सगळा क्लास तिथून आलेला होता. जो देश समजून न घेतल्यामुळे त्यांचा मुलगा त्यांना शेवटचा दिसला नाही, तो देश ते मनीमाजऱ्यात बसून पाठ करत होते. ती दर वर्षी बोलवायची. मी म्हटलं, काका, मी तिकीट काढते, मी सोबत येते.

"त्या खुर्चीत आता जाऊन कसा बसू गं?" ते म्हणाले, आणि त्यांनी ताट सुलटं केलं. आम्ही दोघं जेवलो.

त्यानंतर ताटं पालथी दिसली की मी कधी चेष्टा केली नाही. जाण्याविषयी मात्र बोलत राहिले. या वर्षी बघू, थंडी सरू दे, असं म्हणण्यापर्यंत ते आले होते.

जानेवारीत, चार हातांवरचं दिसू नये अशा धुक्याच्या सकाळी, काका अंगणात तुळशीवर पोतं टाकायला गेले आणि तिथेच कोसळले. आंटीजींनी भिंतीवरून पाहिलं. फौजी इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं. कोल्हापूरला त्यांचा पुतण्या होता, जवळचं नातं तेवढंच. मी फोन केला. भला माणूस, फोनवर रडला. मग म्हणाला, "ताई, धुक्यात आम्ही काही पोचत नाही. आमच्यासाठी थांबू नका. तुम्ही उरकून घ्या."

तेच शब्द, आणि तितक्याच चांगल्या मनाने म्हटलेले.

मी चियांग माईला फोन लावला. सुनेने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुम्ही थांबाल?" मी हो म्हणाले. कुणालाही न विचारता म्हणाले.

तिच्या व्हिसाचं काम माझ्या रोजच्या हातचं, ते मी बसल्या जागी मार्गी लावलं. पण तो हातात पडायला वेळ लागतोच, आणि वर धुकं. दिल्लीची विमानं उतरत नव्हती. इस्पितळात काकांना ठेवायची सोय झाली, पण लोक बोलायला लागले. काकांचे जुने सहकारी घड्याळ बघायचे. पुतण्याचा पुन्हा फोन आला, अजून कसं झालं नाही म्हणून. इतके दिवस ठेवतात का कुणाला, आपल्यात असं करतात का, आणि तुम्ही कोण हे ठरवणाऱ्या, असं त्याने विचारलं. त्याचं चुकत नव्हतं. मी भाडेकरू होते.

आंटीजींनी माझ्या हातातून फोन घेतला. "बेटा, बहू आ रही है," त्या म्हणाल्या. "कर्नलसाब कभी किसी के बग़ैर रोटी नहीं खाते थे. बहू के बग़ैर कैसे चले जाएँगे?" मग पुतण्या थांबा म्हणाला. आंटीजींनी फोन परत दिला आणि मला जवळ घेतलं. "असीं उडीकांगे, पुत्तर," त्या म्हणाल्या. आपण वाट बघू.

आम्ही वाट बघितली. संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडायचो, शेकोटी पेटवायचो. क्लासला येऊन गेलेली माणसं कुठून कुठून कळून येऊ लागली. हनिमूनचं जोडपं मूल घेऊन आलं. लुधियान्याचे ते चौघं आले आणि कुणी न सांगता त्यांनी फाटकात बूट काढले. आंटीजी पोथी उघडून पाठ म्हणायच्या, मग सगळ्यांना कढी-भात वाढायच्या. पुढची एक खुर्ची मी रिकामी ठेवली होती. कुणी विचारलं तर सून यायचीय, असं सांगायचे.

ती धुक्यातून दिल्लीहून टॅक्सीने आली. लहानखुरी, काळ्या कपड्यांतली बाई. फाटकाशी तिने बूट काढले आणि थंडगार फरशीवरून चालत आंटीजींसमोर येऊन हात जोडले. लहान आधी करतो, तसे. आंटीजींचा हात सवयीने तिच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांना क्लास आठवला होता. तो हवेत थांबलेला हात तिने पाहिला, आणि आपण होऊन डोकं खाली करून त्या हाताखाली नेलं. मी तेव्हा पहिल्यांदा रडले. तोवर मला वेळच झाला नव्हता.

इस्पितळात तिने पिशवीतून छोटी बाटली काढली, फुलांच्या वासाच्या पाण्याची. काकांचा उजवा हात उलगडून तळव्यावर थोडं थोडं पाणी सोडलं. तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्यातले बाबा आणि आले एवढे दोन शब्द मला कळले, कारण ते काकांनीच शिकवले होते. अग्नी तिनेच दिला.

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. घरात चूल पेटवायची नव्हती, आंटीजींनी त्यांच्याकडून डाळ आणि रोट्या आणल्या. मी सवयीने ताटं मांडली, सगळी पालथी, काकांच्या जागेवरही एक. ती दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, हिला हे समजावून सांगावं लागेल. पण ती आली, बसली आणि म्हणाली की हे ते फोनवर सांगायचे. मग तिने तिचं ताट सुलटं केलं, मग आंटीजींनी, मग मी. काकांचं ताट आम्ही कुणी हलवलं नाही.

शेवटचं माणूस आलं होतं, म्हणून आम्ही जेवायला सुरुवात केली.